डोळ्यातला नमुना

ता. ९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वाचनालयाच्या आभाळाचं सूत आज वाळून, लडी बांधून रवाना झालं. पोचल्याची पोच दे. तुला पोच द्यायचं सुचत नाही आणि इकडे मी रोज टपालवाल्याच्या तोंडाकडे बघत बसतो. एवढ्या मोठ्या भिंतीभर वर्षानुवर्षं, पट्ट्यामागून पट्टा, एकच निळं आभाळ विणायचं खूळ कुणाच्या डोक्यात आलं ते देव जाणे. पण रंग तुझ्या दादाचा आहे, तेव्हा काळजी नको. पहिल्या पट्ट्यात जे निळं होतं तेच शेवटच्या पट्ट्यात असेल. आई म्हणायची, नमुना डोळ्यात ठेवायचा, खिशात नाही. शेजारचा रंगारी दर खेपेला जुन्या सुताचा तुकडा खिशातून काढून ताडून बघतो. मला त्याची कीव येते.

कामाला मात्र पूर्वीपेक्षा वेळ लागतो. निळी भुकटी हल्ली निकस येते. पूर्वी जिथे चिमूट पुरायची तिथे आता मूठ लागते. दिवे बनवणाऱ्यांनीही लाज सोडली आहे. रंगखान्यातले सगळे दिवे बदलले, तरी उजेड आपला पिवळट तो पिवळटच. रस्त्यावर समोरून गाडी आली की तिचा दिवा डोळ्यांत फुटतो. जुन्या गाड्यांचं असं नव्हतं.

आता एक आनंदाची बातमी. मला वाचायला चष्मा लागेनासा झाला! परवा तुझ्या वहिनीसमोर बिनचष्म्याचा सुईत दोरा ओवून दाखवला, तर कौतुक राहिलं बाजूला, ती नुसती बघत राहिली. लांबचं जरा धुरकट दिसतं, पण या वयात लांबचं बघून करायचंय काय? म्हातारपण तुझ्याकडे आलंय, माझ्याकडून ते परत निघालं आहे. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा
दादा

*

ता. २ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. सूत पोचलं, ही पोच. माझे गुडघे त्यांच्या जागी आहेत आणि तुला नमस्कार सांगतात.

आता जे लिहिणार आहे ते शांतपणे वाच. हे लिहून झाल्यावर दोनदा फाडलं होतं. तुला ठाऊक आहे, माझ्या खोलीत माग शिरल्यावर माणसाला जेमतेम उभं राहता येतं. एक पट्टा विणून झाला की मी त्याची गुंडाळी करते, कपाटावर टाकते आणि पुढचा चढवते. दोन पट्टे शेजारी ठेवून बघायला जागाच नाही. काल माप घ्यायला म्हणून सगळ्या गुंडाळ्या वाचनालयात नेल्या आणि त्यांच्या मोठ्या दालनात जमिनीवर ओळीने उलगडल्या. ग्रंथपालबाई टेबलावर चढून वरून बघत होत्या. त्यांनी भाबडेपणाने विचारलं, की आभाळ असं एका बाजूने गडद होत जाणार हे आधीच ठरलं होतं का.

मग मीही टेबलावर चढून पाहिलं. पहिला पट्टा आपल्या ठरलेल्या निळ्याचा आहे, ऊन कलतानाचं आभाळ असतं तसा. दुसराही तसाच. मग कुठे बदललं ते बोट ठेवून सांगता येत नाही, पण शेवटचा पट्टा नुसता ओरडतोय. मला वाटलं माझंच काही चुकतंय, म्हणून बाहेर व्हरांड्यात नेऊन पाहिलं. तिथे तो आणखीच ओरडला.

सोबत दोऱ्याचा एक तुकडा आहे. पहिल्या लडीचा धागा आणि परवाच्या लडीचा धागा मी एकमेकांना गाठ मारून जोडले आहेत. दुपारी खिडकीपाशी जा, तू नेहमी धरतोस तसा उजेडासमोर धर आणि गाठीच्या कुठल्या बाजूला जुना आहे आणि कुठल्या बाजूला नवा, एवढंच कळव. मी तुझी परीक्षा घेत नाही. रागावलास तरी चालेल, पण बघ. वहिनींना नमस्कार.

तुझी
टिटवी

*

ता. ११ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद. गाठीच्या अलीकडे निळं आहे आणि गाठीच्या पलीकडेही निळंच आहे. झालं समाधान? दुपारी पाहिलं, खिडकीपाशी पाहिलं, सूत ओलं करूनही पाहिलं. एकाच हंड्यातून काढल्यासारखे दोन्ही धागे आहेत. विणता येईना, सूत वाकडं! त्या वाचनालयाच्या काचांना काहीतरी रंग दिलेला असणार, नाहीतर जुन्या पट्ट्यांना धूळ बसली असणार. ग्रंथपालबाईंनी टेबलावरून उतरावं आणि पुस्तकं सांभाळावीत.

मी लहान होतो तेव्हापासून आईच्या हाताखाली रंग केले. तुला हंड्यापाशी उभं राहायची परवानगी नव्हती, कारण तू प्रत्येक रंगाला छान म्हणायचीस. तेव्हा रंगातलं मला शिकवू नकोस. दुसरा रंगारी बघायचा असेल तर खुशाल बघ. शेजारच्याचे खिसे नमुन्यांनी भरलेले आहेत.

जास्त काय लिहायचं!

दादा

(याच पाकिटात, वेगळ्या कागदावर)

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. पाकीट डकवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते आहे. तुमच्या बंधुराजांना यातलं काही कळता कामा नये.

गाठ मी पाहिली. स्वयंपाकघरातून पाहिली, लांबून. एका बाजूला आपलं निळं आहे आणि दुसरी बाजू शाई सांडल्यासारखी आहे. हे तो दोरा डोळ्यांना लावून तास-तास बसले आणि मग म्हणाले, की एकच आहे. वन्सं, हा माणूस माझ्या साडीचा रंग विटायच्या आधी सांगायचा, की ही आता विटणार.

परवा एक पाय काळ्या मोज्यात आणि एक पाय निळ्या मोज्यात घालून ते सभेला जाऊन आले. चहा ओतताना धार कपाच्या शेजारी पडते. स्वयंपाकघराची भिंत मी पांढरी रंगवून घेतली, तर सायीच्या रंगाची का रंगवली म्हणून महिनाभर भांडण चाललंय. आधी मला वाटलं, वयाबरोबर तिरसटपणा आला. आता वाटतं, त्यांना भिंत खरोखरच सायीची दिसते. मी डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, सुईत दोरा कोणी ओवला? तुमचं ऐकतील. माझं तर ठरवूनच ऐकत नाहीत.

तुमची
वहिनी

*

ता. २० मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. दुसरा रंगारी मी बघणार नाही. आभाळ अर्धवट राहिलं तरी चालेल. तेव्हा ती धमकी देऊ नकोस, तिचा उपयोग होत नाही.

मला तुझ्या रंगाची शंका नाही, तुझ्या डोळ्यांची काळजी आहे. हे सरळच लिहिते, कारण आडून लिहिलं की तू आडूनच उत्तर देतोस. तूच लिहिलंस की दिव्यांचा उजेड पिवळा झाला, लांबचं धुरकट झालं, गाड्यांचे दिवे फुटायला लागले आणि भुकटी निकस झाली. अरे, एवढं सगळं जग एकाच वेळी बिघडतं का? सगळं जग बिघडण्यापेक्षा दादाचे दोन डोळे बिघडणं सोपं नाही का? आणि बिनचष्म्याचं वाचता येतं याचा मला आनंद होण्याऐवजी धसका बसला. म्हातारपण कुणाकडूनही परत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

तू आंधळा होशील अशी मला भीती वाटत नाही. तू भांडत भांडत आंधळा होशील, अशी वाटते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. वहिनींना बरोबर ने, कारण डॉक्टर जे सांगतील त्यातलं तुला सोयीचं तेवढंच तू मला कळवशील. त्या म्हणाल्या डोळे ठणठणीत आहेत, तर मी सगळे पट्टे तू म्हणशील तसे पुन्हा विणीन आणि दर पत्रात तुझी माफी मागीन. यापेक्षा चांगला सौदा तुला आयुष्यात मिळणार नाही.

रागावलास तरी माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
टिटवी

*

ता. ८ एप्रिल

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. म्हणतात ना, टिटवी देखील समुद्र आटवते. आटवलास. चहाडी कुणी केली तेही मला कळलं आहे, कारण डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत तुझ्या वहिनीने मोज्यांपासून सुरुवात केली.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. मी लगेच म्हणालो, की मग पिकू दे, पिकल्यावर काढू, सगळे तसंच करतात. बाई हसल्या आणि म्हणाल्या, की ते काही फळ नव्हे. पूर्वी हत्यारं वेगळी होती तेव्हा थांबावं लागायचं. आता कामात अडचण यायला लागली की काढायचा, उलट फार थांबलं तर तो कडक होतो आणि काढणं अवघड जातं. थेंब घालून विरघळेल का, असं विचारलं. म्हणाल्या, असं औषध अजून कुठेच नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढरा पडदा, येतो तसं वरून काही आलंय अशी माझी समजूत होती, तीही चूक निघाली. वरून काहीच येत नाही. बाहुलीच्या मागे आपलं जन्माचं भिंग असतं, तेच आतून गढूळ होतं. अंड्यातला पारदर्शक भाग उकळला की पांढरा होतो ना, त्या जातीचा प्रकार, फक्त उष्णतेने नव्हे तर वयाने. आणि माझी ती सुईदोऱ्याची फुशारकी! भिंग मधोमध घट्ट होत गेलं की काही काळ जवळचं बरं दिसतं म्हणे. म्हणजे जी गोष्ट मी गावभर सांगत सुटलो तीच रोगाची खूण होती. तुझी वहिनी तिथे काही बोलली नाही, रस्त्यात बोलली.

मग बाईंनी मला यंत्रावर माझ्याच डोळ्याचा फोटो दाखवला. टिटवे, मी खुर्ची पुढे ओढली. मधोमध मधाच्या रंगाचा एक दाणा आहे. मी विचारलं, हा काय? त्या म्हणाल्या, भिंगाचा गाभा. आपलं सगळं शरीर झिजतं आणि पुन्हा भरून येतं, कातडी बदलते, रक्त बदलतं. हा गाभा बदलत नाही. तो आईच्या पोटात तयार होतो आणि पुढे जन्मभर त्याच्यावर कांद्यासारखे नवे पापुद्रे चढत जातात. मधला दाणा मात्र तोच. त्याला रक्तवाहिनी नाही, कारण रक्त आलं तर पलीकडचं दिसणार नाही. भोवतीच्या नितळ पाण्यातून जे मिळेल त्याच्यावर तो जगतो. आत आलेला प्रत्येक उजेड, पाहिलेला प्रत्येक रंग, तुझं तोंड, आईचे हात, सगळं त्याच्यातून गेलं. मी इतकी वर्षं त्याच्यातून बघत होतो आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आणि तोच पिवळा पडला आहे. पिवळं भिंग निळा उजेड अडवून धरतं. भुकटी निकस नव्हती, दिवेही खोटे नव्हते. जेवढं निळं तो दाणा अडवायचा तेवढं मी हंड्यात वाढवत गेलो. तुझा शेवटचा पट्टा ओरडत असणारच. मला ऐकू येत नव्हता, एवढंच.

शस्त्रक्रियेची तारीख बाईंनी दिली आहे, पण मी हो म्हटलेलं नाही. भीती नाही वाटत. म्हणजे वाटते, पण ते कारण नव्हे. आईने स्वतःच्या अंगात घडवलेलं, तसंच्या तसं राहिलेलं हे एकच काम माझ्यापाशी शिल्लक आहे. ते फोडून नळीने ओढून काढणार आणि त्याच्या जागी बाजारचं भिंग बसवणार. तूच सांग, मी हो कसं म्हणू?

दादा

*

ता. १७ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी आरशापुढे जाऊन उभी राहिले. बाहुलीत काय दिसणार, काळं दिसलं. पण माझ्यातही तो दाणा आहे आणि तो आईनेच केला, या विचाराने मला मागावर बसवेना. आपण दोघं तिच्या मागे एवढं भांडलो, तिची भांडी वाटून घेतली, आणि तिने आपल्याला सगळ्यांत आधी काय दिलं ते आपल्याला ठाऊकच नव्हतं.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. तुला आईने माझ्यासाठी रंगवलेली शेवटची शाल आठवते? ती गेली त्याच्या आदल्या वर्षीची. आपल्या घरच्या निळ्याचीच करते म्हणाली आणि निघाली मोरपिसासारखी. आपण एकमेकांकडे बघून हसलो होतो, की म्हातारपणी आईला भडक आवडायला लागलं. काल ती पेटीतून काढली आणि तुझ्या शेवटच्या पट्ट्याशेजारी ठेवली. दादा, रंग तोच आहे. अगदी तोच. शेवटी शेवटी ती खिडकीपाशी बसून म्हणायची, की हल्ली आभाळ धुवायला झालंय, आणि आपल्याला वाटायचं ती काहीतरीच बोलते आहे. तिच्याही डोळ्यांत तेच होतं. तिला कुणी यंत्रावर दाणा दाखवला नाही. ती धुरकट आभाळाखाली बसून राहिली आणि नमुना डोळ्यात आहे म्हणत तशीच गेली.

तिने तुला तो दाणा रंग बघायला दिला होता. जपून ठेवायला तिने तांब्याचा हंडा दिला आहे, तो जप. आई आत्ता असती आणि तिला कळलं असतं, की तिचा मुलगा गढूळ डोळ्यांनी सूत बुडवतो आहे, तर तिने आधी काठी काढली असती आणि मग तुला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं असतं.

हो म्हण. माझ्यासाठी म्हण. तुझ्या आशीर्वादांची मला सवय झाली आहे आणि ते तू स्वतः लिहिलेलेच हवेत.

तुझी
टिटवी

*

ता. १४ मे

चि. टिटवीस,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. अक्षर मोठं आहे, कारण अजून वाचायचा चष्मा मिळायचा आहे. हो, तो पुन्हा लागणार. म्हातारपण स्टेशनावरूनच परत आलं.

उजवा डोळा झाला. आधी थेंब घालून डोळा बधिर केला, मग मला निजवलं आणि तोंडावर कापड घातलं. शुद्धीत होतो. दुखलं म्हणावं असं काही नाही, कोणीतरी डोळ्यावर बोट टेकल्यासारखं वाटत होतं. बाई हळू आवाजात सांगत होत्या, की आता बारीकशी चीर दिली, आता आवाजाच्या लहरींनी गाभा फोडते आहे, आता ओढून घेते आहे. ते ऐकताना मी मनातल्या मनात आईला नमस्कार केला. आणि त्याच वेळी मला रंग दिसले. समोर एक दिवा होता, त्याचे तीन झाले, मग ते वितळले आणि त्यांतून गुलाबी, हिरवट, एक जांभळं असं काय काय वाहायला लागलं. जन्मभर हंडे ढवळले, पण ते जांभळं मला आजवर साधलेलं नाही. मग नवं भिंग घडी करून आत सरकवलं आणि ते जुन्याच्याच पिशवीत आपोआप उलगडलं. पिशवी तीच ठेवतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढा हट्ट केला नसता. त्याच दिवशी घरी पाठवलं. डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे, आणि दुखायला लागलं, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर थांबायचं नाही, तडक यायचं. तुझी वहिनी थेंबांची बाटली घेऊन माझ्यामागे फिरते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. टिटवे, कसं सांगू! आधी बाईंचा डगला दिसला. पांढरा. इतका पांढरा, की मला वाटलं तो आतून उजळला आहे. बाहेर आलो तर रस्त्यापलीकडच्या झाडाला पानं होती. झाड म्हणजे एक हिरवा गोळा असतो असं मी किती दिवस धरून चाललो होतो कोण जाणे, तर ते सुटं सुटं, एकेक पान आपापलं हलत होतं. मी फाटकापाशी उभा राहून रडलो आणि नव्या डोळ्यातून पाणी चालतं का, हे विचारायला तुझ्या वहिनीला परत आत पाठवलं. चालतं म्हणाल्या.

घरी येऊन स्वयंपाकघराची भिंत पाहिली. पांढरी आहे. मी तसं कबूल केलं. मग तुझ्या वहिनीकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, अगं, तुझे केस कधी एवढे पिकले? ती म्हणाली, तुमचा मोतीबिंदू पिकायची वाट बघता बघता.

मग मी रंगखान्यात गेलो. तिथे उरलेलं तुझं सूत टांगलेलं होतं. मी दारातच थांबलो. ते माझं आहे हे मला पटेना. डावा डोळा उघडून उजवा झाकला तर आपलं घरचं निळं, उजव्याने पाहिलं तर शाई. असं किती तरी वेळ चाललं. एका माणसात दोन माणसं उभी होती आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

तेव्हा आता ऐक. सगळे पट्टे उसव. मी सगळं सूत नव्याने रंगवून देतो. माझ्या नावाने तो गोंधळ भिंतीवर चढता कामा नये. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

तुझा
दादा

*

ता. २५ मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून मी मोठ्यांदा हसले आणि मग तुझ्यासारखीच फाटकापाशी जाऊन उभी राहिले. आमच्या झाडालाही पानं आहेत. बघून घेतली.

उसवणार नाही. तुझं ऐकायची सवय मला आधीपासूनच नाही. पट्टे ओळीने जोडून झाले आहेत, पहिला डावीकडे, शेवटचा उजवीकडे. अखेरची उरलेली पट्टी मी आईच्या शालीचं सूत सोडवून विणली. शाल पेटीत पडून कुणाला दिसत होती? ग्रंथपालबाईंना मी खरं काय ते सगळं सांगितलं. तुझा दाणा, आईचा दाणा, गाठ, मोजेसुद्धा. त्या आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, की आम्ही एकच निळं मागितलं होतं आणि तुम्ही तेच दिलं आहे, फक्त ते किती वर्षांचं आहे ते दिसतंय. संध्याकाळी त्या स्वतः डोळे तपासून आल्या.

ते भिंतीवर चढलं आहे. तुझा डावा डोळा व्हायच्या आधी ये. नंतर नको, आधीच. का ते तुला इथे आल्यावर कळेल. वहिनींना घेऊन ये, म्हणजे मोजे नीट असतील.

वाट बघायला लावू नकोस, एवढा लोभ असू दे.

तुझी
टिटवी

*

ता. १६ जून

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्याकडे असताना मी काहीच बोललो नाही म्हणून तू वहिनीला विचारलंस, की दादाला आवडलं नाही का. तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

त्या दालनात शिरलो तेव्हा दोन्ही डोळे उघडे होते आणि मला नुसतं मोठं काहीतरी निळं दिसलं. मग तू मला मधोमध उभं केलंस आणि बाजूला झालीस. मी आधी डावा झाकला. नव्या डोळ्याने सगळं दिसलं, एकेक पट्टा वेगळा. पहिला आपल्या घरचा. पुढे माझा दाणा पिवळा होत गेला तसतसं निळं चढत गेलं, वर्षामागून वर्ष, आणि शेवटी आईची पट्टी. ती आणि मी शेजारी शेजारी एकाच जागी येऊन पोचलो होतो. माझा रोग मी एवढा मोठा, भिंतीएवढा पाहिला. लाज वाटेल असं वाटलं होतं. लाज नाही वाटली. माणसाच्या डोळ्यात आत असं काही चालू असतं आणि ते हातातून सुतात उतरतं, याचंच नवल वाटत राहिलं.

मग उजवा झाकला आणि डाव्याने पाहिलं. तू यासाठीच बोलावलं होतंस, हे त्या क्षणी कळलं. टिटवे, सगळे पट्टे गेले. पहिल्या दोनांवर जराशी सावली पडल्यासारखी वाटली, बाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळं. आईने मला हंड्यावर झुकवून दाखवलं होतं, तेच. जोडसुद्धा दिसेना. आईची पट्टी कुठे सुरू होते ते मी शोधलं आणि मला सापडलं नाही.

उद्या सकाळी डावा डोळा आहे. जायला मी तयार आहे. तुझ्या पहिल्या पट्ट्याचा उरलेला धागा आम्ही निघताना तू दिलास, तो मी सदऱ्याच्या खिशात ठेवला आहे. यापुढे ताडून बघूनच सूत बुडवीन. शेजारच्या रंगाऱ्याला आज चहाला बोलावलं होतं. तुझ्या वहिनीने त्यालाही डोळे तपासायला पाठवायचं ठरवलं आहे.

पण एक गोष्ट उद्याच्या आधी कागदावर लिहून ठेवतो, कारण उद्यानंतर ती बघायला माझ्याकडे डोळा नसेल. आईने दिलेल्या डोळ्याने पाहिलं, तर मी एकदाही चुकलो नव्हतो. आणि तीही नव्हती.

तुझा
दादा